आरशातला पहिला बाक

पत्र जाड शब्दकोशात ठेवलेलं होतं. कोश हातात घेतला की तो आपोआप त्याच पानांवर उघडायचा, इतकी वर्षं ते तिथं पडून होतं. धाकट्या बहिणीचं, भावाला लिहिलेलं पत्र. अक्षर तिरपं, घाईचं, ओळी वर वर चढत गेलेल्या. बोलायचीही ती अशीच. ‘ताईला एकदा विचार,’ तिनं लिहिलं होतं. ‘मला ती सांगणार नाही, तुला सांगेल. का केलंस, एवढंच विचार. उत्तर काहीही असू दे, मला कळव. मग मी येईन.’

उत्तर द्यायचं त्याच्या मनात नव्हतं असं नाही. त्यानं कागद घेतला होता, ‘प्रिय धाकटे’ लिहून स्वल्पविरामही दिला होता, आणि पेन खाली ठेवलं होतं. आधी ताईला विचारू, मग लिहू. विचारायला रविवार काही कमी मिळाले नाहीत. दर रविवारी तो चर्चमध्ये ऑर्गनशेजारी उभा असे, कारण ताई वाजवी आणि तो तिच्यासाठी पानं उलटत असे. तिनं मान हलवली की पान. उपासना संपली की ऑर्गनचं झाकण लावत ती म्हणे, “चल, चहा घेऊ,” आणि प्रश्न त्या चहात साखरेसारखा विरघळून जाई. पुढच्या रविवारी विचारू.

आता पुढचा रविवार उद्यावर आला होता, आणि ताईलाच मातीआड करून महिना होत आला होता.

घरात त्याला सगळे स्वल्प म्हणत. हे नाव ताईनंच ठेवलेलं. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्याचा जन्म गेला. दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका त्याला लांबून दिसत, पण स्वतःचं वाक्य मात्र मध्येच अडायचं. “हा स्वल्पविराम आहे आपल्या घरातला,” ताई म्हणायची. “थांबतो, पण पुढे काहीतरी असतंच.” ‘असतंच’ हा शब्द ती असा ठासून म्हणायची की त्यालाही तेवढ्यापुरतं खरं वाटायचं.

शनिवारी संध्याकाळी सगळे दादाच्या घरी जमले. सगळे म्हणजे दादा, वहिनी, त्यांची लेक चिमी आणि स्वल्प. उद्याच्या उपासनेनंतर ताईच्या स्मरणार्थ सभा होती. दादा बोलणार होता, आणि पहिलं गीत त्यानंच निवडलं होतं, आईच्या आवडीचं. दादा शाळेचा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला असला तरी निवृत्ती फक्त शाळेनं घेतली होती. जेवणाच्या टेबलाशी तो अजून फळ्यासमोर उभं राहावं तसा बसे.

त्यानं एक कागद स्वल्पपुढे सरकवला. ताईच्या थडग्यावरच्या दगडाचा मजकूर होता, दगड घडवणाऱ्यानं मोठ्या अक्षरांत लिहून पाठवलेला.

“बघ जरा. ऱ्हस्वदीर्घ तपास आणि खाली सही कर. सोमवारी तो खोदायला घेणार आहे. दगडावरची चूक खोडता येत नाही.”

स्वल्पनं चष्मा लावला. ताईचं नाव, दोन तारखा, ‘या चर्चची ऑर्गनवादिका’, आणि शेवटी ‘तिच्या दोन भावांकडून’. ऱ्हस्वदीर्घ बिनचूक होते. त्यानं पुन्हा वाचलं. मग पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

“काय झालं?” दादा म्हणाला.

“नाही, म्हणजे... दोन भावांकडून...”

“दोनच आहोत. मोजून बघ.”

चिमी हसली, पण लगेच गंभीर झाली. “बाबा, धाकटी आत्या राहिली.”

“राहिली नाही, गेली. आपल्या पायानं गेली. सख्खी बहीण गेली तरी माती द्यायला आली नाही, तिचं नाव दगडावर कशाला? दगड खोटं बोलायला लागला तर माणसांनी काय करायचं?” दादानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं स्वल्पला वाटलं. चढलेला आवाज उतरतो तरी.

भांडण जुनं होतं, आणि ते चिमीच्या लग्नातलं होतं. धाकटीचा गळा घरात सगळ्यांत गोड, उंच आणि लखलखीत. लग्नात आईच्या आवडीचं हेच, उद्याचं गीत ती एकटी म्हणणार, आणि धृपदाला सगळे साथ देणार, असं ठरलं होतं. आठवडाभर ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालता घालता ते घोटत होती. तिसऱ्या ओळीत आवाज वर चढला की शेजारच्या खिडक्या उघडायच्या. आणि ऐन लग्नात ताईनं ऑर्गनवर सूर धरला तो कितीतरी खालचा. धाकटीचा आवाज त्या खोलीत उतरला आणि हरवला. भरल्या चर्चमध्ये ती पुटपुटल्यासारखी गायली. जेवणाच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं, गळा घरीच विसरून आल्या वाटतं. संध्याकाळी तिनं ताईला सगळ्यांदेखत जाब विचारला. समोर आई बसली होती, पाहुणे होते. ताई म्हणाली, “तसंच बरं होतं,” आणि कपबशा उचलायला लागली. एवढंच. धाकटी सकाळच्या बसनं गेली. पुढे आई वारली तेव्हा येऊन मागच्या बाकावर बसली आणि न जेवता परत गेली. मग ते पत्र.

घरात दोन पक्ष पडले होते. दादाच्या मते धाकटीनं लेकीच्या लग्नाचा विचका केला. चिमीच्या सासरचे मात्र म्हणत, थोरलीला धाकटीचं कौतुक बघवलं नाही. वहिनी कुठल्या पक्षात आहेत हे त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. त्या नेहमी सरकार पक्षाला मत देत, आणि घरात सरकार दादा होता.

“लग्न माझं होतं,” चिमी म्हणाली. “मला कधी राग आला नाही. तुम्हीच माझ्या वाटचं रागावून घेतलंत.”

“तुला कळत नव्हतं तेव्हा.”

“आता माझी मुलं शाळेत जातात, बाबा.”

कागदावर बोट ठेवून दादा स्वल्पला म्हणाला, “तुझं काम चुका बघण्याचं. चूक आहे का? नाही ना? मग कर सही.”

स्वल्पनं सही केली नाही. नाही म्हणण्याचं धाडसही त्याला झालं नाही. उद्या शांतपणे बघतो, असं काहीसं बोलत त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला. दादा म्हणाला, ठीक आहे, उद्या संध्याकाळपर्यंत.

निघताना वहिनी त्याला डबा द्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. नळ सोडून, त्या आवाजाच्या आडून म्हणाल्या, “भाऊजी, वन्सं गेल्या त्या दिवशी मीच धाकटीला फोन केला होता. यांना सांगितलं नाही. ती खूप रडली. मग म्हणाली, ज्याला मी लिहिलं त्यानं उत्तर दिलं की येईन, तोवर त्या घरात मला जागा नाही.” त्यांनी नळ बंद केला. “तिनं कुणाला लिहिलं होतं, हे मी विचारलं नाही.”

स्वल्पनं डबा घेतला. मान वर न करता तो घरी गेला.

सकाळी चर्चमध्ये ऑर्गनवर दुसऱ्याच बाई होत्या. संगीतशाळेत शिकवणारी तरुण शिक्षिका. ताई गेल्यापासून ऑर्गन बंदच होता; मंडळींनी विनंती केली म्हणून ती आजपासून महिनाभर यायला तयार झालेली. स्वल्प सवयीनं आपल्या जागी जाऊन उभा राहिला आणि मग संकोचला. पण ती म्हणाली, “पानं तुम्हीच उलटता ना, काका? राहा ना.” बाक पुढेमागे करून तिनं पाय पट्ट्यांवर टेकून पाहिले. मग ऑर्गनवर अडकवलेल्या लहान आरशाकडे बघून तिच्या कपाळाला आठी पडली. “हा कुणी वाकडा केलाय? यातून पाळकसाहेब दिसतच नाहीत. खूण केलेली कळणार कशी?”

“ताईनं तसाच ठेवला होता,” तो म्हणाला.

ती हात लावणार होती, पण थांबली.

उपासना पार पडली; तिच्यातली गीतं फारशी वर चढणारी नव्हती. मग पाळकसाहेबांनी ताईच्या आठवणीत सर्वांना उभं राहायला सांगितलं आणि गीताचा आकडा वाचला. चर्च भरलेलं होतं. ताईनं ज्यांच्या लग्नात वाजवलं, ज्यांच्या आईबापांच्या प्रेतापुढे वाजवलं, ते सगळे आले होते. बेकरीवाला दुकान बंद करून आला होता. पहिल्या बाकावर दादा, वहिनी, चिमी आणि त्यांच्या पलीकडे चर्चमधल्या म्हाताऱ्या बायका, ज्यांना ताई ‘माझा पहिला बाक’ म्हणायची.

ऑर्गन सुरू झाला. पहिली ओळ सगळ्यांनी उचलली, जरा ताणून, पण उचलली. दुसऱ्या ओळीला माना वर झाल्या. तिसरी ओळ चढायला लागली आणि एकेक आवाज गळायला लागला, शिडीच्या वरच्या पायऱ्या कुणी काढून न्याव्यात तसा. आधी पहिला बाक गप्प झाला. मग मधले. बेकरीवाल्यानं एक किंकाळीवजा सूर काढला आणि खोकून सोडून दिला. मागे दोन-तीन पोरी तेवढ्या गात राहिल्या, मग त्याही लाजून थांबल्या. ऑर्गन एकटाच कडव्याच्या शेवटापर्यंत गेला आणि शिक्षिकेनं हात उचलले.

ताईच्या आठवणीला उभं राहिलेलं चर्च मुकं उभं होतं.

स्वल्प वेगळ्याच कारणानं गार पडला होता. ही उंची त्यानं ऐकली होती. मागच्या अंगणात, ओल्या कपड्यांच्या रांगेआड.

दादा बाकावरून निघून थेट ऑर्गनशी आला. त्याचं तोंड लाल झालं होतं, पण बोलला तो हळू आणि अदबीनं. बाई, तुम्ही फार वर धरलंय. आमची बहीण असं वाजवत नव्हती. शिक्षिका म्हणाली की पुस्तकात छापलंय तसंच ती वाजवते आहे. मग दादा म्हणाला की दोष ऑर्गनचा असेल. ऑर्गनचा आवाज बसलाय हे सगळ्या मंडळींना माहीत होतं. वर्षानुवर्षं गाणी खाली खाली चालली होती आणि सगळे म्हणत, म्हातारा झाला बिचारा. मध्यंतरी दुरुस्तीसाठी वर्गणीसुद्धा काढायचं ठरलं होतं, पण ताईच म्हणाली होती, राहू द्या, त्याला नका त्रास देऊ.

शिक्षिकेनं पिशवीतून स्वरकाटा काढला, गुडघ्यावर आपटला, ऑर्गनच्या लाकडावर टेकवला आणि एक पट्टी दाबली. काट्याचा सूर आणि ऑर्गनचा सूर एकमेकांत मिसळून गेले.

“ऑर्गन ठणठणीत आहे,” ती म्हणाली. “तुमच्या ताईच गाणं खाली उतरवून वाजवत असणार.”

“छे,” दादा म्हणाला. “समोर पुस्तक ठेवून वाजवायची ती. हा पानं उलटायचा.”

दोघांनी स्वल्पकडे पाहिलं. तो काय सांगणार? त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती. छापलेलं मूळ बरहुकूम आहे की नाही हे ताडून बघण्यावर त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि पुस्तकातलं एक आणि बोटांतलं दुसरं हे हाताच्या अंतरावरून त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

शिक्षिका पान जवळ घेऊन पाहत होती. कुठे पेन्सिलीची रेघ नव्हती, खूण नव्हती. “सगळं डोक्यात ठेवलेलं दिसतंय,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात आदर आला. “मलाही उतरवता येईल. पण किती? कुठला सूर धरायच्या त्या, कुणी सांगू शकेल?”

दादानं मंडळींकडे पाहिलं. मंडळींनी एकमेकांकडे.

स्वल्पला ठाऊक होतं. पट्टीवर बोट ठेवण्याआधी ताई ओठ मिटून पहिला सूर गुणगुणायची. अगदी स्वतःशी. पहिल्या बाकालाही तो ऐकू जात नसे. शेजारी पान धरून उभ्या असलेल्या माणसाला तेवढा जाई. तो सूर त्याच्या कानात तिच्या खोकल्यासारखा, तिच्या चपलांच्या आवाजासारखा बसला होता. पण ठाऊक असणं वेगळं आणि भरल्या चर्चमध्ये तोंड उघडणं वेगळं. तो तिथं कधी गायला नव्हता. पानं उलटायची असतात, हे निमित्त त्याला जन्मभर पुरलं होतं.

आपण चुकलो तर? सूर भलताच निघाला तर? लोक हसतील, दादा डोळे मिटून घेईल. त्यानं खिशात हात घातला आणि बोटांना दगडाच्या मजकुराचा कागद लागला.

“मला...” तो म्हणाला आणि अडला. मग ओठ मिटून त्यानं तो सूर काढला.

“जरा मोठ्यानं, काका.”

त्यानं तोंड उघडलं. न वापरलेल्या दाराच्या बिजागरीसारखा आवाज होता, पण सूर हलला नाही. शिक्षिकेची बोटं पट्ट्यांवर खाली, आणखी खाली चाचपत गेली आणि एका जागी थांबली. “एवढं खाली?” ती स्वतःशीच पुटपुटली. मग तिनं मान हलवली, तशीच, ताईसारखी, आणि स्वल्पचा हात पानाकडे गेला.

या वेळी तिसरी ओळ आली आणि कुणीच गळलं नाही. चर्च चढलं, वर पोचलं आणि तिथं उभं राहिलं. स्वल्पची नजर आरशात गेली. पाळकसाहेब त्यात खरंच नव्हते. आरशात मावत होता तो फक्त पहिला बाक: पांढरे केस, सुरकुतलेले गळे आणि उघडी तोंडं. तो इतकी वर्षं समजत होता की ताई पाळकसाहेबांची खूण बघते. ती बघत होती तोंडं. कुठलं तोंड कुठल्या ओळीला मिटतं ते बघायचं, आणि पुढच्या रविवारी गाणं तेवढं खाली घ्यायचं. कुणाला न सांगता. आवाज माणसांचा गेला तरी दोष ऑर्गनच्या माथी जाऊ द्यायचा.

आरशाच्या बरोबर मधोमध बाकाचं भिंतीकडचं टोक येत होतं. ती जागा आईची होती.

सभेनंतर शेजारच्या दालनात चहा होता. लोक दादाचे हात हातात घेऊन बोलत होते. दादाचं भाषण चांगलं झालं होतं, पण जो तो गाण्याबद्दलच बोलत होता. गर्दी जरा पांगल्यावर स्वल्प कप घेऊन घरच्यांजवळ आला.

“वहिनी,” तो म्हणाला, “चिमीच्या लग्नात आईशेजारी कोण बसलं होतं?”

“मीच की.”

“आई गायली होती?”

वहिनींनी कप खाली ठेवला. “गायल्या,” त्या सावकाश म्हणाल्या. “दम्यामुळे त्यांनी गाणं सोडूनच दिलं होतं. नुसत्या पुस्तक धरून उभ्या राहायच्या. पण त्या दिवशी धृपद पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणाल्या. माझा हात घट्ट धरला होता. मला वाटलं, नातीच्या लग्नाचा आनंद. त्यानंतर काही त्या गायल्या नाहीत.”

चिमीनं तोंडावर हात धरला.

दादा खिडकीकडे बघत होता. “एक शब्द बोलली असती,” तो शेवटी म्हणाला. “धाकटीनं विचारलं तेव्हा. आईसाठी केलं, एवढंच म्हणाली असती तर हे सगळं...”

“कुणासमोर म्हणणार होत्या?” वहिनी म्हणाल्या. इतक्या वर्षांत सरकारविरुद्ध त्यांनी काढलेला हा पहिला शब्द असावा. “आई समोर बसल्या होत्या. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना गायला शिकवलं. तुमचा आवाज गेला म्हणून सूर उतरवला, असं पाहुण्यांत सांगायचं? त्यापेक्षा वन्संनी दुष्ट व्हायचं पत्करलं.”

“मग आई गेल्यावर सांगायचं.”

“तेव्हा कुणी विचारलं त्यांना?”

“मी विचारायचं होतं,” स्वल्प म्हणाला. “धाकटीनं मला लिहिलं होतं. मी... मी विचारलं नाही. तिला उत्तरही दिलं नाही.”

दादानं त्याच्याकडे पाहिलं. काहीतरी कडक त्याच्या ओठांवर आलेलं दिसत होतं. पण चिमीनं बापाच्या दंडावर हात ठेवला, आणि दादा नुसताच एकदम म्हातारा दिसला.

“पेन आहे तुझ्याकडे?” त्यानं विचारलं.

स्वल्पनं खिशातून कागद काढून भिंतीला टेकवला. ‘दोन भावांकडून’वर रेघ मारली आणि वरती लिहिलं: ‘भावंडांकडून’. समासात दुरुस्तीची खूण केली, खाली सही केली आणि कागद दादाला दिला. दादानं तो वाचला, पुन्हा वाचला. “ऱ्हस्वदीर्घ बरोबर आहे ना?” एवढंच म्हणून त्यानं घडी आपल्या खिशात ठेवली. थोड्या वेळानं पाठ वळवून म्हणाला, “दगडवाल्याला सांगतो, खोदून ठेव. बसवायचा ती आल्यावर.”

घरी येऊन स्वल्पनं शब्दकोश उघडला. तो जुना कागद पत्राला लागूनच होता, ‘प्रिय धाकटे’ आणि स्वल्पविराम. नवा कागद घ्यावा असं त्याला वाटलं, मग नको वाटलं. शाई फिकी पडली होती. त्यापुढेच तो लिहीत गेला.

‘मी ताईला विचारलं नाही. भ्यालो, तिलाही आणि उत्तरालाही. आता विचारायला ती नाही, पण आज चर्चमध्ये उत्तर मिळालं. तिनं सूर आईसाठी उतरवला होता. तिच्या आरशात तू नव्हतीस, आई होती. तुझा गळा तिला कमी वाटला नव्हता, आईचा दम कमी पडत होता. त्या दिवशी आई शेवटचं गायली, तुझ्याबरोबर. आईनं वहिनींचा हात धरला होता, त्यांना विचार. दगडावर भावंडांकडून असं लिहिलंय आणि तो अजून बसवलेला नाही. दादा तुझी वाट बघतोय. तो तसं म्हणणार नाही. मी म्हणतो. ये.’

पाकीट चिकटवून तो नाक्यावरच्या पत्रपेटीशी आला. रविवार होता, पेटी उद्याच उघडणार होती, हे त्याला माहीत होतं. पाकीट फटीत अर्धं सरकवल्यावर त्याला एकाएकी खात्री वाटली की चौथ्या ओळीत वेलांटी चुकली आहे. पहिली की दुसरी? त्यानं बोटांच्या चिमटीत पाकिटाचं टोक धरून ठेवलं. घरी जाऊन फोडून पाहता आलं असतं. उद्या टाकलं तरी त्याच गाडीनं गेलं असतं.

त्यानं ओठ मिटून ताईचा सूर एकदा स्वतःशी धरला आणि चिमूट सोडली. पत्र आत पडलं.